एका कानात आवाज बंद? वायर मागवायच्या आधी हे करून पाहा

इअरफोन एका बाजूनं बंद पडला का लोकं डायरेक्ट महागडी वायर मागवतात, आवाजही सुधारेल म्हणून. थांबा भाऊ.

१. फोन बंद करून त्याच्या जॅकमधला (इअरफोन घालायच्या भोकातला) कचरा लाकडी टूथपिकनं हळूच काढा, कापूस वेचणीच्या दिवसात तिथं रुई अडकतेच.

२. तरी बंदच, आन् वायर इअरफोनपासून निघणारी असंल तं डावं-उजवं टोक अदलाबदल करून लावा. आता दुसऱ्या कानातला बंद पडला म्हणजे वायर नाहीतर फोनचा जॅक गेला, पहिलाच बंद राहिला तं इअरफोनच गेला, मग वायरीवर पैसे घालू नका.

वायरच गेली असंल तं साधी तांब्याची घ्या, चांदीवालीनं कानाला कळेल असा फरक पडत नाही.

फक्त वायरीची इअरफोनात बसणारी पिन पाहून घ्या, ०.७५ मिमीच्या भोकात ०.७८ ची पिन जोरानं घुसवली का सॉकेट फाटू शकते.