आई-वडिलांचं घर ‘सेफ’ करताय? आधी या चुका टाळा

दोन दिवसांच्या सुट्टीत घराचा कायापालट करायला निघालेल्या मुलांची मला खरंच भीती वाटते. अडगळ काढतात, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेतात, घर मोकळं दिसलं की खूश होऊन परत जातात.

ओळखीच्या एका घरात असंच झालं. तिथल्या आजी रात्री उठल्या की खुर्चीची पाठ, मग कपाटाचा कोपरा, मग चौकट असं धरत धरत बाथरूमपर्यंत जायच्या. कपाटाच्या त्या कोपऱ्यावरचं पॉलिश हात लागून लागून उडालं होतं. आवराआवरीत खुर्ची गेली, कपाट सरकलं. रात्री सवयीने हात टाकला तर तिथे काहीच नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं.

म्हणून मी आधी काहीच हलवत नाही, भिंती बघतो. जिथे हाताचे तेलकट डाग पडलेत, तिथे आधार लागतोय हे नक्की. आधी तिथे पक्का ग्रॅब बार, म्हणजे हाताने धरायचा दांडा, बसवायचा, तो वापरायची सवय होऊ द्यायची, कपाटाचं मग बघू. आणि रंग लावायची घाई तर मुळीच नको, डागच बुजतात!

दुसरा राग रबरी कपाने भिंतीला चिकटणाऱ्या हँडलवर. ड्रिल नको, धूळ नको, म्हणून लोक भुलतात. टाइलच्या सांध्यावर कप बसला की हवा शिरते, पकड सुटत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. टॉवेलचा रॉड धरून उठणं त्याहून वाईट. तो टॉवेलपुरताच असतो. ग्रॅब बार भिंतीत अँकर ठोकूनच बसवा, निदान 110 किलो भार पेलणारा. बसवून झाला की मी पूर्ण वजन टाकून ओढून बघतो. कारागीर हसतात, हसू देत.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर पडलेलं माणूसच दाराला अडतं आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. दार बाहेर उघडेल असं करून घ्या, कडीही बाहेरून उघडणारी हवी.

कमोड बुटका नको. साधारण 43 ते 48 सेंटीमीटर उंची बरी पडते, पण बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतायत ना, ते आधी बघा.

सुटी पायपुसणी काढून टाका. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला यायला हवं. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा एवढ्याच उंचीत ठेवा, स्टुलावर चढायची वेळच येऊ नये.

आणीबाणीचं बटण, म्हणजे अंगावर घालायचं आणि दाबलं की मदतीला बोलावणारं, घेतलं असेल तर ते खुंटीला लटकतंय का बघा. बहुतेक घरांत तिथेच असतं. गळ्यात घालायला आवडत नसेल तर मनगटावरचं मिळतं. कुठलं चालेल हे घेण्याआधी त्यांनाच विचारा. न विचारता बसवलेल्या ग्रॅब बारवर कपडे वाळत घातलेले मी पाहिलेत.