विमान वेळेवर सुटले, माल मागे राहिला: हवाई निर्यातीत या चुका टाळा

मुंबईहून लंडनला विमान दहा तासांच्या आसपास पोहोचते. वाशीच्या गोदामातून निघालेला खोका मात्र तिकडच्या ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कित्येकदा चार-पाच दिवस उलटतात. उरलेला वेळ मुंबई विमानतळावरील सहारच्या कार्गो टर्मिनलमध्ये, एक्स-रे तपासणीच्या रांगेत, सीमाशुल्काच्या मंजुरीत, वाटेतल्या दुबई किंवा दोहाच्या गोदामात आणि पलीकडच्या विमानतळावर जातो. नवख्या निर्यातदाराचे पैसेही याच जमिनीवरच्या टप्प्यांत बुडतात. त्यासाठी विमान कंपनीला दोष देणे सोपे असते. पण मूळ बहुधा माल गोदामातून बाहेर पडण्याआधी घेतलेल्या एखाद्या निर्णयात सापडते.

वजनकाट्यावर विसंबून भाव काढणे

विमानात वजनाइतकीच जागाही मोलाची असते. म्हणून हवाई मालवाहतुकीत खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला ६००० ने भागतात आणि येणारे आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर भाडे त्यावर लावतात. कुरिअर कंपन्या सहसा ५००० ने भागतात, त्यामुळे तोच खोका त्यांच्याकडे आणखी ‘जड’ ठरतो. हे सूत्र बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ग्राहकाला दरपत्रक पाठवताना हिशेब वजनकाट्यावरच होतो.

समजा, बांबूच्या दिव्यांचे दहा खोके आहेत, प्रत्येक ६० × ५० × ४० सेंटिमीटरचा आणि ११ किलोचा. काट्यावर ११० किलो भरतात, भाडे मात्र २०० किलोचे पडते. आता त्याच खोक्यात चार वस्तू जास्त कोंबल्या, झाकण फुगले आणि उंची ४३ सेंटिमीटर झाली, तर हिशेब २१५ किलोंवर जातो, कारण मोजमाप खोक्याच्या सर्वांत बाहेर आलेल्या बिंदूंवरून घेतले जाते, कारखान्याने छापलेल्या मापावरून नव्हे. उलट, आतली मोकळी जागा कमी करून खोका ५५ × ४५ × ३५ चा केला, तर तेच दहा खोके १४४.५ किलोंत बसतात. खोक्याचा आकार ठरवण्याचे काम पॅकिंग विभागावर सोडून देऊ नये. भाड्याचा दर पाडून घेण्यापेक्षा त्यातून बहुतेक वेळा जास्त बचत होते.

दुसरी चूक दराच्या टप्प्यांची. विमान कंपन्यांचे दर ४५, १००, ३००, ५०० आणि १००० किलो अशा टप्प्यांवर उतरतात. उदाहरणापुरते धरू की ४५ किलोंच्या पुढे किलोला २०० रुपये आणि १०० किलोंच्या पुढे १७० रुपये दर आहे. ९० किलोंच्या मालाचे २०० च्या दराने १८,००० रुपये होतात. तोच माल १०० किलोंचा म्हणून नोंदवला, तर १७,००० रुपयांत जातो. वरच्या टप्प्याचे किमान वजन मान्य करून त्याचा दर घेणे पूर्णपणे नियमात बसते, पण फॉरवर्डरने (निर्यातदारासाठी विमानात जागा घेणाऱ्या मध्यस्थाने) ते आपणहून सुचवले नाही, तर विचारावे लागते. दर विचारतानाच इंधन अधिभार आणि सुरक्षा शुल्क त्यात धरले आहे का, आणि ते कोणत्या वजनावर लागणार आहे, हे लेखी घ्यावे.

कोणत्या विमानातून माल जाणार, हे न विचारणे

हवाई मालाचा मोठा हिस्सा प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. मोठ्या प्रवासी विमानाच्या खालच्या भागात साधारण १६० सेंटिमीटर उंचीपर्यंतचा माल बसतो. बोइंग ७४७ च्या मालवाहू विमानात मुख्य मजल्यावर सुमारे तीन मीटर उंचीचा माल चढवता येतो. त्यामुळे लाकडी पाटावर खोके रचून १७० सेंटिमीटर उंचीचे पॅलेट बांधले आणि प्रवासी विमानाचे बुकिंग केले, तर ते टर्मिनलवरच अडते. मग एक तर ते फोडून पुन्हा बांधावे लागते किंवा पुढच्या मालवाहू विमानाची वाट पाहावी लागते, आणि ते आठवड्यातून दोनदाच येत असेल तर सगळे वेळापत्रक कोलमडते. लाकडी पॅलेटची स्वतःची उंची मोजायला विसरणे ही यातली नेहमीची गफलत आहे.

बुकिंग पक्के झाले, म्हणजे माल चढलाच असेही नाही. प्रवासी विमानात पहिला मान प्रवाशांचा आणि त्यांच्या सामानाचा. उरलेल्या वजनात माल. शिवाय हवा तापली की ती विरळ होते आणि विमानाला उड्डाणाच्या वेळी पेलता येणारे वजन घटते. अशा वेळी सर्वांत आधी खाली उतरतो तो माल. नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत, आंब्याच्या ऐन हंगामात, प्रवाशांची गर्दी आणि उष्णता हे दोन्ही घटक एकत्र येतात. म्हणून नाशवंत माल शेवटच्या विमानाच्या भरवशावर ठेवू नये, कटऑफच्या (माल स्वीकारण्याच्या अंतिम) वेळेला टेकून ट्रक सोडू नये आणि माल ऑफलोड झाल्यास, म्हणजे विमानातून उतरवला गेल्यास, रात्री तो कोणत्या शीतगृहात जाईल, हे फॉरवर्डरकडून आधीच ठरवून घ्यावे. तापलेल्या धावपट्टीलगत ट्रॉलीवर उभ्या राहिलेल्या फळांवरचे थर्मल आच्छादन काही तासच आधार देते. शीतगृहाची जागा ते घेत नाही.

एअरवे बिलाला मालकीचा कागद समजणे

समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्यांना बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या मालकी दाखवणाऱ्या पावतीची, सवय असते: मूळ प्रत हाती असल्याशिवाय आयातदाराला माल सुटत नाही. एअरवे बिल तसे नसते. ते वाहतुकीच्या कराराचा आणि माल स्वीकारल्याचा पुरावा असतो, मालकी हस्तांतरित करणारा दस्तऐवज नव्हे. त्यावर ज्याचे नाव प्राप्तकर्ता म्हणून असेल, तो ओळख पटवून आणि तिकडचे शुल्क भरून माल घेऊन जातो. आपल्या बँकेत पैसे आले आहेत की नाहीत, याच्याशी विमान कंपनीला कर्तव्य नसते. उधारीवर किंवा कागदपत्रांच्या बदल्यात पैसे घेण्याच्या अटीवर नव्या ग्राहकाला माल पाठवताना हा फरक लक्षात न घेतल्यास माल गेला आणि पैसेही गेले, अशी गत होते. उपाय आहेत: आगाऊ रक्कम घेणे, किंवा आयातदाराच्या बँकेला प्राप्तकर्ता म्हणून दाखवणे. मात्र दुसऱ्या उपायासाठी त्या बँकेची पूर्वसंमती लागते. न विचारता नाव घातले, तर बँक मालाला हात लावणार नाही.

एअरवे बिलाच्या क्रमांकात अकरा अंक असतात. पहिले तीन विमान कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमाचे, आणि शेवटचा त्या सात अंकी संख्येला ७ ने भागून उरलेली बाकी. एअर इंडियाचा ०९८ हा उपसर्ग घेऊन १२३४५६७ असा क्रमांक असेल, तर शेवटचा अंक ५ च हवा. ट्रॅकिंगवर ‘नोंद सापडत नाही’ असे आले, तर घाबरून फोनाफोनी करण्याआधी ही बाकी तपासावी. त्याचबरोबर हाती आलेला क्रमांक विमान कंपनीच्या मास्टर बिलाचा आहे की फॉरवर्डरने स्वतः दिलेल्या हाऊस बिलाचा, तेही पाहावे, कारण विमान कंपनीच्या संकेतस्थळावर फक्त मास्टर क्रमांक चालतो.

मालाचे मोघम वर्णन आणि न वाचलेले फॉर्म

‘भेटवस्तू’, ‘सुटे भाग’, ‘घरगुती सामान’ असे वर्णन आता खपत नाही. युरोपीय संघाच्या आयसीएस-२ या व्यवस्थेत मार्च २०२३ पासून हवाई मालाची आगाऊ माहिती द्यावी लागते आणि तीत नेमक्या वर्णनासह किमान सहा अंकी एचएस कोड (मालाचा सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक) लागतो. माहिती अपुरी असेल, तर माल विमानात चढण्याआधीच थांबवला जातो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरायचे निर्यातपत्र) आणि एअरवे बिल या चारही ठिकाणी नगांची संख्या, वजन आणि वर्णन शब्दशः जुळले पाहिजे.

कागदाची चूक किती महाग पडते, हे २०२५ च्या मे महिन्यात दिसले. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्यांना दार उघडले ते विकिरणाच्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी फळांवर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईच्या केंद्रात विकिरण झालेल्या आंब्यांच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आक्षेप किडीचा नव्हता. विकिरणाशी निगडित पीपीक्यू २०३ या फॉर्ममधील त्रुटींचा होता. आंबे परत आणा किंवा नष्ट करा, असे सांगण्यात आले आणि परतीचे भाडे परवडणारे नसल्याने निर्यातदारांनी फळे नष्ट होऊ दिली. तो फॉर्म निर्यातदार स्वतः भरत नाही, म्हणूनच दोष कुणाचा यावर वाद झाला. आंबे मात्र निर्यातदारांचेच गेले. दुसऱ्याने भरलेला प्रत्येक फॉर्म ट्रक केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी आपल्या माणसाने ओळ न् ओळ वाचणे, एवढेच आपल्या हाती असते.

धोकादायक मालाची कबुली न देणे

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनकडे निघालेल्या यूपीएसच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. सुट्या (उपकरणाबाहेरच्या) लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात मालाच्या रूपात नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातही त्यांचे चार्जिंग ३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. पॉवर बँकही सुटी बॅटरीच मानली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अत्तर, नेलपॉलिश, रंग आणि डिओडरंट हेही धोकादायक मालाच्याच यादीत मोडतात.

मासळीच्या खोक्यात घातलेला ड्राय आइस (घनरूप कार्बन डायऑक्साइड) हा आणखी एक विसरला जाणारा पदार्थ. त्याचा वायू होतो, म्हणून खोका हवाबंद नसावा, आणि त्याचे निव्वळ वजन यूएन १८४५ या धोकादायक मालाच्या क्रमांकासह खोक्यावर आणि एअरवे बिलावर नोंदवावे लागते.

नुकसान झाल्यावर हातावर हात ठेवून बसणे

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारानुसार मालाच्या नुकसानीबद्दल विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर इतकी मर्यादित आहे. एक एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) साधारण १.३ ते १.४ डॉलरचा असतो. म्हणजे २० किलोच्या खोक्यात दहा हजार डॉलरची उपकरणे असली, तरी भरपाई सातशे डॉलरच्या आसपास थांबते, अपवाद फक्त आधीच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरल्याचा. हानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. माल स्वीकारताना खोका दबलेला किंवा ओला दिसला, तर पोचपावतीवर तिथल्या तिथे शेरा लिहिण्यास ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे, कारण विनातक्रार स्वीकारलेला माल सुस्थितीत मिळाला असेच गृहीत धरले जाते. किमती मालासाठी स्वतंत्र विमा घ्यावा, आणि तो विमानतळापासून नव्हे, तर आपल्या गोदामाच्या दारापासून लागू होतो का, हे पॉलिसीत पाहून घ्यावे.