चिवडा 1 किलोचा, कुरिअर 3 किलोचं: शिपिंग लावायचं तरी किती?

फराळ, मसाले, साड्या, जुनी पुस्तकं, काहीही ऑनलाइन विकायला घ्या, पहिली घासाघीस शिपिंगवरूनच होते. 'ताई, 400 चा चिवडा आणि 210 कुरिअर??' असा मेसेज आला की डोकं फिरतं, पण गिऱ्हाईकाला तरी तो आकडा कुठून आला ते कसं कळणार. त्यात काही जण वस्तू स्वस्तात दाखवून सगळा नफा शिपिंगमध्ये काढतात, मग संशय आपल्यावरही येतोच.

माझा नियम एकच, शिपिंगमध्ये कमवायचं नाही आणि पदरचेही घालायचे नाहीत.

त्यासाठी आधी वजन. नुसत्या वस्तूचं नाही, टेप मारून तयार झालेल्या खोक्याचं. आणि मेजरिंग टेप पण काढा, कारण बरेच कुरिअरवाले सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करून त्याला 5000 ने भागतात आणि ते वजन नि काट्यावरचं वजन यात जे जास्त त्याचे पैसे लावतात (काहींचा भाजक वेगळा असतो, आधी विचारून घ्या). आता पातळ पोह्यांचा चिवडा, 1 किलो, चुरा नको म्हणून 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात भरला तर 15000 भागिले 5000, झाला की 3 किलो! तोच 1 किलो गोडा मसाला छोट्या खोक्यात मावतो, तिथे काट्यावरचंच वजन लागतं. फक्त खोक्यासकट 1 किलो 100 ग्रॅम झालं आणि स्लॅब (म्हणजे दर वाढायचा टप्पा) 500 ग्रॅमचा असेल तर बिल दीड किलोचं येतं हे धरून चला. रेट विचारताना पिनकोड द्या आणि 18% जीएसटी धरून सांगताय का तेही विचारा, बऱ्याचदा तो नंतर चढतो.

मग हँडलिंग, म्हणजे पॅकिंगचा खरा खर्च. समजा खोका 25, बबल रॅप नि टेप 12, लेबल 3, झाले 40. बुकिंगला जायचं पेट्रोल त्या दिवशीच्या सगळ्या पार्सलांत वाटून टाका. तुमची मेहनत मात्र चिवड्याच्या किमतीत धरा, 'हँडलिंग 150' असं कुणी लिहिलं की मी तरी तिथून घेत नाही.

एकाच खोक्यात चकली पण गेली तर दोन वस्तूंचं दोनदा शिपिंग लावू नका, पूर्ण खोक्याचा नवीन हिशोब करा. 'फ्री शिपिंग' लिहायचं तर खर्च किमतीत जातोच, मग पुण्यातल्या पुण्यात घेणाराही बंगळुरूच्या पार्सलचे पैसे भरतो, त्यापेक्षा एका रकमेच्या वर फ्री ठेवलेलं बरं.

आकडा आधी सांगा, पैसे भरायच्या वेळी नाही. ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, मार्केटप्लेसवर विकणाऱ्याने एकूण किंमत आणि डिलिव्हरी, हँडलिंग, टॅक्स अशी फोड दाखवायची असते. आणि शेवटच्या स्क्रीनवर चार्ज वाढवत नेणं 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे गिऱ्हाईकाला फसवायच्या ऑनलाइन युक्त्यांच्या) गाइडलाइन्समध्ये धरलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर विकत असाल तरी तसंच लिहा की, 'चिवडा 400 + पॅकिंग 40 + कुरिअर जीएसटीसकट 170 = 610', बहुतेक वाद इथेच मिटतात.

सीओडी, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे, फराळाला नकोच. त्याचा चार्ज वेगळा, आणि पार्सल परत आलं तर जायचं-यायचं भाडं आपल्या गळ्यात, वर तो मऊ पडलेला चिवडा घरीच खायचा. द्यायचंच असेल तर निदान शिपिंग आधी घ्या.

बुकिंग झालं की पावतीचा फोटो पाठवा, आणि कुरिअर 170 ऐवजी 140 ला गेलं तर वरचे 30 लगेच यूपीआय करून टाका.