वर्षानुवर्षं उभी असलेली मारुती ८०० पुन्हा चालवायची आहे? या चुका टाळा

अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात आठ-दहा वर्षं उभी राहिलेली कार्ब्युरेटरची मारुती ८०० थोडक्या पैशांत पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन समजायला सोपं आहे. १९८३ ते २०१४ एवढा काळ ही गाडी बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि बरीचशी कामं घरच्या पान्यांनी होतात. तरी अशा गाड्या अर्धवट उघडून पडलेल्या दिसतात, त्या बहुतेक वेळा खर्चाचा क्रम चुकल्यामुळे. आधी रंग आणि सीटकव्हर होतं, मग फ्लोअरचा पत्रा कुजलेला सापडतो, आणि ब्रेकच्या वेळी खिसा रिकामा असतो. हातात पैसे मोजकेच असतील तर क्रम हीच खरी बचत आहे: कागद, पत्रा, इंजिन, ब्रेक, आणि रंग अगदी शेवटी.

कागद न पाहता पाना हातात घेणं

खाजगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ मध्ये ते १०,००० झालं. त्यावर महाराष्ट्रातला पर्यावरण कर, उशिराचा महिन्यागणिक वाढणारा आकार, नवा विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. ही बेरीज परिवहनच्या पोर्टलवर आणि आरटीओत विचारून कागदावर मांडा आणि ती रक्कम एकूण बजेटमधून आधीच बाजूला काढा. काही गाड्यांच्या बाबतीत इथेच कळतं की हा व्यवहार परवडणार नाही. ते इंजिन खोलल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या (नमुना ३१), मग नूतनीकरण (नमुना २५). चासी नंबर तपासणीच्या वेळी वाचता यावा लागतो. त्या जागी गंज असेल तर मऊ ब्रश आणि थोडं केरोसीन एवढंच वापरा. ग्राइंडर, पॉलिश पेपर किंवा लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) थर तिथे फिरला आणि एखादा अंक पुसट झाला, तर चांगली झालेली गाडीही पासिंगला अडकते.

लांबी भरून गंज झाकणं

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीचा पत्रा इंजिनाआधी पाहा. मॅट काढा आणि खालून जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. पुढच्या पायाखालची जागा, दाराखालची पट्टी, बॅटरीखालचा ट्रे, जॅक लावायच्या जागा आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बोल्ट होतात ते टॉवर, हे सगळं तपासा. टॉवर किंवा सस्पेन्शनच्या बसवणीजवळ पत्रा पोकळ असेल तर तो कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणं हाच उपाय. फायबर आणि लांबीने नुसता आकार येतो, जोर पेलला जात नाही. दाराच्या खालच्या कडेला छोटं भोक असेल तर तिथे लांबी चालेल, तिथे भार नसतो.

पाणी आत कुठून आलं हेही शोधा, नाहीतर नवा पत्राही तसाच जाईल. वायपरखालच्या जाळीत पानं कुजून निचऱ्याची वाट तुंबते आणि पाणी पायाखाली उतरतं. दारांच्या तळाची निचऱ्याची भोकंही बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडायला विसरू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

बॅटरी जोडून थेट चावी फिरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वर्षानुवर्षं थांबलेल्या इंजिनात तेल खाली उतरून गेलेलं असतं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. स्टार्टरने एकदम जोर लावला की रिंग मोडते किंवा भिंतीवर ओरखडे उमटतात, आणि जिथे तीन प्लग बदलून भागलं असतं तिथे बोअरिंगचा (सिलिंडर आतून नव्याने कोरण्याचा) खर्च येतो.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदराचं घरटं बहुतेक वेळा तिथेच सापडतं. तिन्ही प्लग काढण्यापूर्वी त्यांच्या खोबणीतली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ इंजिन ऑइल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सोडा आणि किमान एक रात्र, जमलं तर दोन-तीन दिवस तसंच ठेवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. अडलं तर थांबा, पुन्हा तेल सोडा, उद्या पाहा. पान्याला लांब पाइप लावून ताकद आजमावू नका. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की पुढे जायचं.

त्यानंतर जुनं तेल काढून नवा फिल्टर आणि साधं २०डब्ल्यू-४० तेल भरा. जवळपास तीन लिटर लागतं; डिपस्टिक पाहून थोडं थोडं घाला. प्लग बाहेरच ठेवा, इग्निशन कॉइलची वायर सोडा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मधे मिनिटभर थांबा. तेलाचा दिवा विझला म्हणजे बेअरिंगपर्यंत दाब पोचला. दिवा विझल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, याला अपवाद नाही. हे पहिलं तेल धुण्यापुरतं आहे. इंजिन अर्धा तास चाललं की गरम असतानाच ते काढून टाका आणि पुन्हा फिल्टरसकट बदला. पहिल्या खेपेला महाग सिंथेटिक भरणं म्हणजे नुसता पैसा ओतणं.

टायमिंग बेल्ट बाहेरून चांगला दिसला तरी बदला. त्याचं रबर किलोमीटरइतकंच वर्षांनीही म्हातारं होतं.

जुन्या पेट्रोलमध्ये नवं मिसळणं

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालेलं असतं, तळाशी गंज आणि पाणी. त्यात पाच लिटर ताजं ओतलं की सगळी घाण कार्ब्युरेटरमध्ये जाते. टाकी उतरवून रिकामी करा. आतला गंज किरकोळ असेल तर मूठभर छोटे नट आत टाकून हलवा, मग दर लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच हवेने कोरडी करा, नाहीतर तासाभरात गंजाचा नवा थर चढतो. नट मोजून टाका आणि मोजून काढा. टाकीला भोक असेल तर ती वेल्डरकडे नेऊ नका. वरवर रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती स्फोट घडवते. तिथे जुन्या बाजारातली चांगली टाकी शोधणंच शहाणपणाचं.

आता पंपावर मिळणारं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल या गाडीच्या काळात नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, तडे पाडतं, आणि हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे आणि परतीचेही सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घ्या. क्लिपा नव्या लावा, त्या काही फार महाग नसतात. पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पाहा, उरलेला गंज त्यात दिसेल.

गाडीतला पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा आहे, आत पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन लगेच बंद करा, पंप बदला, तेलही बदला.

कार्ब्युरेटर खोलताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी भागात) तार घालणं. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. क्लीनर स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा पुरेशी आहे. दुसरी, मिक्सचर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) तसाच काढणं. आधी तो पूर्ण आत हलकेच फिरवा, किती फेरे गेला ते लिहून ठेवा, मग काढा. रिपेअर किटमधले गास्केट आणि पडदे सगळे बदला.

पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडू नका. एक लिटर ताज्या पेट्रोलची बाटली पंपाच्या पाइपला जोडा आणि परतीचा पाइपही त्याच बाटलीत सोडा. बाटली इंजिनापासून दूर आणि खालच्या पातळीवर, शेजारी अग्निशामक.

थर्मोस्टॅट काढून नळाचं पाणी भरणं

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. ‘आपल्याकडे उकाडा आहे, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. तो ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ते मिसळून तेल पातळ होतं. नळाच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात आणि इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचा भाग) आतून खाल्लं जातं. पाणी उलट्या दिशेने सोडून रेडिएटर धुवा, होस दाबून पाहा (कडक किंवा भुसभुशीत लागले तर बदला), मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. फॅन फिरत नसेल तर थर्मोस्विचच्या दोन तारा जोडून पाहा. फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर. काटा लालकडे गेला की ‘घर जवळच आहे’ म्हणत पुढे नेऊ नका. हेड वाकतं.

पेडल कडक लागलं म्हणजे ब्रेक ठीक समजणं

इथे काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात. मागचे ड्रम हँडब्रेक लावून ठेवलेल्या गाडीत हमखास चिकटतात. ॲडजस्टर सैल करा, लाकडी हातोडीने कडेला ठोका. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करताना मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो. त्यामुळे मास्टर सिलिंडरची रबरं नेहमीच्या पल्ल्यापुढे, गंजलेल्या भागावर जातात आणि फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पल्ला अर्धाच राहू द्या. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. पुढचं एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहत असेल तर कॅलिपर बदलण्याआधी रबरी होस बदला. तो आतून सुजून बंद झालेला असतो आणि कॅलिपरपेक्षा बराच स्वस्त असतो.

टायरवर खाचा कितीही चांगल्या दिसोत, बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. ‘२३१३’ म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. असे टायर गाडी आवारात हलवण्यापुरतेच.

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालणं

उंदरांनी खाल्लेली वायर कुठेतरी बॉडीला लागते, म्हणून फ्यूज उडतो. मोठा फ्यूज घातला तर पुढची जळणारी वस्तू वायर असते. आधी बॅटरी-बॉडी आणि इंजिन-बॉडी अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट करा. निम्म्या गूढ तक्रारी तिथेच मिटतात. मीटरवर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. त्याखाली असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर पाहा, नवी बॅटरी घेऊ नका.

धूर पाहून लगेच इंजिन उतरवणं

चालू होताना निळा धूर येऊन मिनिटभरात थांबला तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. सतत, विशेषतः ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर येत असेल तर रिंगांचा संशय घ्या, पण दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवून पुन्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तपासा. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा मोकळ्या होतात. तिन्ही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे असतील तर इंजिन तसंच राहू द्या. काळा धूर म्हणजे चोक अडकलाय किंवा कार्ब्युरेटरमधला फ्लोट जास्त पेट्रोल सोडतोय. पांढरा धूर थांबत नाही आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गास्केट.

क्लच सुटत नसेल तर गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. पेडल लाकडाने दाबून दोन रात्री ठेवा. नाहीच सुटली तर ब्रेक पूर्ण तयार झाल्यावर, मोकळ्या मैदानात, गरम इंजिनावर टॉप गिअरमध्ये क्लच दाबून ठेवत ब्रेकने झटके द्या.

सुट्या भागांची यादी गाडी पूर्ण तपासल्यावरच करा. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यातली नाना पेठ इथे जाताना जुना भाग सोबत न्या, कारण वर्षागणिक मॉडेलमध्ये बारीक फरक आहेत. दार, बंपर, काचा, टाकी, सीट जुन्या चालतील. ब्रेकची रबरं, होस, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलचे पाइप मात्र नवे आणि पावतीसकट घ्या.