फ्यूजनचा सरकारी प्रकल्प आणि आपली मफल भट्टी

परभणी, हिंगोली, लातूर, बीड या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणारे नवे प्राध्यापक भेटले की एक प्रश्न हमखास येतो. “सर, फ्यूजनवर संशोधन करायला सरकार अनुदान देतं म्हणे. पण आपल्याकडे ना टोकामाक, ना न्यूट्रॉनचा स्रोत. अर्ज करायचा तो कशाच्या जोरावर?” फ्यूजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवणं, आणि टोकामाक म्हणजे त्यासाठी अतितप्त वायू चुंबकांनी कोंडून ठेवणारं यंत्र. मी अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर एक प्रकल्प पूर्ण केला आहे, तोही जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयात राहून. त्या अनुभवावरून सांगतो. आपल्या प्रयोगशाळेत जे हातखंडा काम रोज चालतं, त्याच्या आसपासच फ्यूजनचा एखादा न सुटलेला प्रश्न पडलेला असतो. तो हुडकायचा आणि सगळा प्रस्ताव त्या एकाच प्रश्नाभोवती बांधायचा.

आपला हातखंडा कशात आहे हे सांगायला नको. फेराइट (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिक) आणि सिरॅमिकवर पीएचडी केलेली माणसं मराठवाड्यात मुबलक आहेत. सोल-जेल आणि ऑटो-कंबशन पद्धतीने पावडर बनवणं, ती खलणं, पेलेट म्हणजे चकत्या दाबणं, मफल भट्टीत म्हणजे विजेच्या बंद भट्टीत भाजणं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेचा आलेख) काढणं ही कामं आपली पोरं झोपेतही करतील. आता फ्यूजनची गरज बघा. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम एकत्र आले की हेलियम तयार होतो आणि १४.१ एमईव्ही ऊर्जेचा न्यूट्रॉन बाहेर पडतो. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यातून मिळतं, ट्रिटियम मात्र निसर्गात जवळपास नाहीच. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठा करून ठेवण्यातही अर्थ नाही. ते फ्यूजन अणुभट्टीच्या भिंतीतच पिकवावं लागतं. तिथे लिथियमवर न्यूट्रॉन आदळतो आणि ट्रिटियम मिळतं. या कामाचा मुख्य समस्थानिक लिथियम-६, आणि नैसर्गिक लिथियममध्ये तो साधारण साडेसात टक्केच असतो. भारताने यासाठी जी रचना मांडली आहे तिचं नाव लेड-लिथियम सिरॅमिक ब्रीडर. तिच्यात लिथियम टायटॅनेटचे साधारण एक मिलिमीटर व्यासाचे, साबुदाण्याएवढे गोळे भरायचे असतात.

हे गोळे म्हणजे सिरॅमिकच. ते चुरडले जाता कामा नयेत, म्हणून घनता हवी. आत तयार झालेलं ट्रिटियम बाहेर निघालं पाहिजे, म्हणून सच्छिद्रताही हवी आणि कण फार मोठे होता कामा नयेत. भाजताना तापमान चढवलं की लिथियम उडून जातं, कमी ठेवलं तर गोळा कच्चा राहतो. या ओढाताणीत नेमकं कुठे थांबायचं, हा आमच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. त्यासाठी न्यूट्रॉनची गरजच नव्हती. न्यूट्रॉनखालचा अभ्यास मोठ्या संस्था करतातच. त्यांना चांगला, परत परत तसाच बनणारा नमुना हवा असतो, आणि तो बनवण्याची चिकाटी आपल्याकडे आहे.

नवख्या माणसाचा प्रस्ताव बहुतेक वेळा पहिल्या पानावरच सैल पडतो. सूर्याची ऊर्जा, मानवजातीचं भविष्य, ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत २.०५ मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल कसे निघाले, हे सगळं तिथे येतं. परीक्षणाला बसलेली माणसं आयुष्यभर हेच काम करतात, त्यांना हे सांगण्यात जागा वाया जाते. पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न, दुसऱ्यात आजवर कुणी काय केलं आणि कुठे अडलं, तिसऱ्यात तुम्ही नेमकं काय मोजणार, एवढं आलं की परीक्षक पुढचं पान उलटतो. ‘अभिनव’ हा शब्द तर मी प्रस्तावातून काढूनच टाकतो. अभिनवपणा पद्धतीत दिसला पाहिजे. आम्ही एवढंच लिहिलं होतं की पेलेट त्याच संयुगाच्या पावडरीत पुरून भाजायचे, म्हणजे भोवतालच्या पावडरीतून लिथियम आधी उडेल आणि पेलेटमधलं टिकेल. युक्ती जुनीच, पण किती पावडर, कोणत्या तापमानाला, किती तास, आणि दर वेळी नेमकं किती लिथियम उरलं याचा शिस्तशीर तक्ता आम्ही देऊ केला.

पैसा कुठून येतो, ते थोडक्यात. अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस (बोर्ड ऑफ रिसर्च इन न्यूक्लियर सायन्सेस) हे मंडळ विद्यापीठं आणि महाविद्यालयांना प्रकल्प देतं, तरुण शास्त्रज्ञांसाठी त्यांची वेगळी योजनाही आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत, जिथे आदित्य टोकामाक १९८९ मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय फ्यूजन कार्यक्रम उभा राहिला आणि त्याखालच्या बीआरएफएसटी मंडळातून फ्यूजनसाठीच बाहेरच्या संस्थांना प्रकल्प मिळाले. पूर्वीच्या एसईआरबीची (केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. त्याचा कायदा २०२३ चा. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी त्यांचं वेगळं अनुदान आहे, आणि ‘पेअर’ नावाच्या योजनेत मोठ्या संस्थेशी राज्य विद्यापीठं जोडली जातात. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमकडे मोजमापाच्या सोयी मिळतात. अर्ज मागवल्याची सूचना निघाली की त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचा. मागच्या वर्षीच्या मित्राच्या पीडीएफवर विसंबू नका.

अणुऊर्जा विभागाच्या प्रकल्पात विभागातला एक शास्त्रज्ञ सहकारी म्हणून बरोबर लागतो. इथे आपली मुलं बिचकतात. ओळख नाही, वशिला नाही, कोण विचारणार? खरं तर मार्ग सोपा आहे. लिथियम टायटॅनेटवर भाभा अणुसंशोधन केंद्रातून आणि गांधीनगरमधून आलेले शोधनिबंध काढा, मन लावून वाचा, आणि लेखकाला त्यांच्याच निबंधातल्या एखाद्या आलेखाबद्दल नेमका प्रश्न विचारा. सोबत स्वतःच्या एका नमुन्याचा एक्सआरडी जोडा. ‘मला आपल्यासोबत काम करण्याची संधी द्यावी’ असली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. आलेखावरचा प्रश्न क्वचित येतो, आणि त्याला उत्तर मिळतं. प्लाझ्मा सायन्स सोसायटीचं वार्षिक राष्ट्रीय संमेलन असतं, तिथे पोस्टर घेऊन जा. पोस्टरपुढे उभं राहून झालेल्या गप्पांतूनच आमची जोडी जमली.

आता अंदाजपत्रक. माझ्या मते प्रस्तावाचा सगळ्यात प्रामाणिक भाग हाच असतो, कारण तुम्ही खरंच काम करणार आहात की नाही ते इथे कळतं. आम्ही एक हजार अंशांच्या आसपास तासन् तास भट्टी चालवणार होतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. भाजणी अर्ध्यावर तुटली की तो नमुना गेला, कारण थंड होऊन पुन्हा तापलेल्या पेलेटमध्ये कणांची वाढ वेगळी होते आणि तुलना करता येत नाही. म्हणून भट्टीच्या किमतीइतक्याच ठळकपणे आम्ही जनरेटरची जोडणी, स्टॅबिलायझर आणि भट्टीचं तापमान मोजणारं दुसरं थर्मोकपल मागितलं, आणि वरचं कारण जसंच्या तसं लिहिलं. समितीने त्यातला रुपयाही कापला नाही. उलट मोठ्या उपकरणाच्या नावाने कोटीचा आकडा टाकणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच येतो, की हे चालवणार कोण आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

लिथियम मोजायचं कसं, हाही तसाच प्रश्न. एक्सआरडीत लिथियम धड दिसत नाही, ते फार हलकं. महागडं उपकरण मागण्याआधी आम्ही आजूबाजूला पाहिलं. माती परीक्षण प्रयोगशाळेत पोटॅश मोजायला फ्लेम फोटोमीटर असतो, आणि त्याला लिथियमचा फिल्टर बसतो. परभणीत कृषी विद्यापीठ असल्याने या यंत्रावर हात बसलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. नमुन्यातलं लिथियम आम्लात उतरवायचं, प्रमाण द्रावणांशी ताडून वाचन घ्यायचं, आणि काही निवडक नमुने पडताळणीसाठी मूलद्रव्यांचं प्रमाण अचूक मोजणाऱ्या बाहेरच्या आयसीपी यंत्रावर पाठवायचे. सादरीकरणात समितीतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर थांबून बारीक चौकशी केली. मला वाटतं मंजुरी तिथेच ठरली.

सादरीकरणाला मोजून चार गोष्टी न्या: प्रश्न, पद्धत, कुठल्या टप्प्यावर काय हाती येईल, आणि ठरलं तसं झालं नाही तर पुढे काय. टप्प्यांना आता जगभर महत्त्व आलं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२३ मध्ये आठ फ्यूजन कंपन्यांना ४ कोटी ६० लाख डॉलर जाहीर केले, ते टप्पा गाठला तरच पैसा या अटीवर. आपल्या छोट्या प्रकल्पातही ‘पहिल्या वर्षाअखेर अमुक घनतेचे पेलेट, दुसऱ्या वर्षी गोळे’ असं लिहिलं की समितीला धरायला काहीतरी सापडतं.

मंजुरीचं पत्र आल्यावर कॉलेजात पेढे वाटले जातात, पण पहिला हप्ता खात्यावर यायला वेळ जातो. त्या काळात प्रकल्पाचं वेगळं बँक खातं, खरेदी समिती, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची नोंदणी, जेआरएफची (प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक) जाहिरात ही कामं उरकून घ्या. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. चांगली मुलगी-मुलगा मिळाला तर त्यांचं मानधन महिन्याच्या महिन्याला निघेल याची काळजी तुम्हीच घ्या. लेखा विभागातल्या फाईलवर एक सही अडली म्हणून विद्यार्थ्याने खोलीचं भाडं थकवायचं, हे मला सहन होत नाही. मी दर महिन्याला स्वतः जाऊन बिल पुढे सरकवत असे.

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं जातं, म्हणजे आपल्या बोलीत यूसी. नमुना जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए. त्यासोबत खर्चाचा तपशील. खात्यावर जमा झालेलं व्याजही दाखवायचं असतं, ते आपलं नसतं. उपकरणाच्या हेडमधला पैसा परवानगीशिवाय केमिकलवर खर्च करू नका, रक्कम कितीही लहान असो. आमच्या सीएंनी फेब्रुवारीतच कच्चा हिशेब बघायची सवय लावली, त्यामुळे पुढचा हप्ता वेळेवर आला. यूसी अडली की हप्ता अडतो, हप्ता अडला की जेआरएफ दुसरीकडे निघून जातो, आणि अर्ध्यावर सुटलेलं काम नव्या मुलाला शिकवण्यात सहा महिने जातात.

ज्यांना सिरॅमिकमध्ये रस नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांतल्या निर्वात नळ्यांची जबाबदारी गांधीनगरच्या त्याच प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. टोकामाकलाही तसंच उच्च निर्वात लागतं. गळती शोधणं, पृष्ठभागातून सुटणारे वायू मोजणं, वेल्डिंगची तपासणी, हे प्रश्न दोन्हीकडे सारखे आहेत. नांदेड-हिंगोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या विषयांवर आत्तापासून प्रस्ताव तयार ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाची वाट बघत बसू नये. गांधीनगरची संस्था उन्हाळी कार्यक्रम घेते, त्याला अर्ज करा. जेस्टची (भौतिकशास्त्रातल्या पीएचडी प्रवेशाची परीक्षा) तयारी दुसऱ्या सत्रापासून धरा. आणि आपल्या विभागात पेलेट प्रेस आणि भट्टी असेल, तर लिथियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोन साध्या पावडरींपासून सुरुवात करता येते. पहिला एक्सआरडी हाती आला की मला जरूर दाखवा, सहकारी शास्त्रज्ञाला लिहायचं पत्र आपण मिळून लिहू.