नाट्यगृहातला फायर अलार्म: दर आठवड्याला नेमकं काय तपासायचं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, १९१५ सालची वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. त्याचे व्हिडिओ बघून त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी पण एका नाट्यगृहाचं मेंटेनन्स बघतो आणि पडदे, नेपथ्याचे फ्लॅट, प्लायवूड, जुन्या वायरी सगळं आमच्याकडेही तेच आहे. म्हणून आमच्याकडे जे करतो ते लिहितोय, हॉल, वाचनालय, शाळा चालवणाऱ्यांनाही चालेल.

आधी पॅनल, म्हणजे अलार्मची सगळी माहिती दाखवणारा मुख्य डबा. हिरवा दिवा दिसला की लोक म्हणतात चालू आहे. अहो हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की पॅनलला लाईट आलीय! पिवळा दिवा बघा, तो लागला म्हणजे फॉल्ट (बिघाड) किंवा डिसेबल (काहीतरी बंद करून ठेवलंय). सायलेन्स दाबलं की पॅनलचा पीं पीं आवाज थांबतो पण फॉल्ट तसाच राहतो. रोज सकाळी वॉचमनने बघून रजिस्टरला सही करायची, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आठवड्याची टेस्ट एका ठरलेल्या वारी, आम्ही मंगळवारी सकाळी १० ला करतो, प्रयोग नसतो तेव्हा. आधी बुकिंग खिडकी, कँटीन, तालीम चालू असेल तर ती मंडळी, सगळ्यांना सांगायचं, आणि अलार्म थेट फायर ब्रिगेडला किंवा एजन्सीच्या कंट्रोल रूमला जोडलेला असेल तर त्यांनाही. मग भिंतीवरचा लाल डबा, म्हणजे कॉल पॉइंट, टेस्टच्या चावीने चालवायचा, काच फोडायची गरज नाही. दर आठवड्याला वेगळा डबा. एकजण डब्यापाशी, दुसरा पॅनलपाशी फोनवर, आणि पॅनलवर बरोबर तोच झोन, म्हणजे इमारतीचा तोच भाग, येतोय का हे बघायचं, कारण बाल्कनीचा डबा दाबला आणि पॅनलवर तळमजला आला तर खऱ्या आगीत माणसं चुकीकडे धावणार.

हूटर वाजत असताना तिसऱ्या माणसाने फिरायचं. मेकअप रूमचं दार बंद करून ऐकायचं, टॉयलेटमध्ये, एसी प्लांटमध्ये, साऊंडवाल्याच्या काचेच्या केबिनमध्ये. आमच्या मेकअप रूममध्ये अजिबात ऐकू येत नव्हतं, एक हूटर वाढवून घ्यावा लागला. अलार्मला एसी बंद होणं जोडलेलं असेल तर तेही झालं का बघा.

छतावरचे धूर ओळखणारे डिटेक्टर अगरबत्तीने तपासू नका, काजळी आत बसते आणि पुढे खोटे अलार्म येतात. काठीला लावून मारायचा टेस्टचा स्प्रे मिळतो तो वापरा. रंगकाम असेल तेव्हा डिटेक्टरला टोपी घाला आणि काम संपलं की मोजून काढा. किती घातल्या, किती काढल्या, लिहून ठेवा.

बॅटरी: बहुतेक पॅनलमध्ये १२ व्होल्टच्या दोन असतात, मिळून २४. महिन्यातून एकदा पॅनलची मेन लाईन बंद करून अर्धा तास ठेवा, मग बॅटरीवर हूटर वाजवून बघा. आवाज बसका आला, बॅटरी फुगली किंवा टर्मिनलवर पावडर धरली तर दोन्ही एकदम बदला आणि बसवल्याची तारीख मार्करने वरच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाटकात धुराचं मशीन असतं, मग स्टेजचा झोन डिसेबल करावा लागतो. आमच्याकडे एकदा असाच बंद केला आणि परत चालू करायचा राहिला, रोजच्या सह्या होत होत्या पण पिवळ्या दिव्याचं कुणी विचारलंच नाही, पाच आठवडे स्टेजवर डिटेक्टर असून नसल्यासारखा, आणि त्या दिवसांत भरलेल्या हॉलचे प्रयोग झाले. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हापासून रजिस्टरला वेगळं पान आहे: कुणी बंद केला, किती वाजता, कुठल्या प्रयोगासाठी, परत चालू कुणी केला. प्रयोग चालू असेपर्यंत विंगेत एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन उभा, आणि झोन चालू झाल्याशिवाय नाट्यगृहाला कुलूप लागत नाही.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षेच्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यायचा असतो, जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर स्वतः फिरा, कुठला डिटेक्टर तपासला ते डोळ्यांनी बघा, नुसता कागद घेऊ नका.

आणि टेस्ट संपली की रिसेट करून पॅनलसमोर दोन मिनिटं थांबा, एकही पिवळा दिवा नाही हे बघूनच सही करा. मग बाहेर पडायची सगळी दारं एकेक ढकलून बघा, आम्हाला बाल्कनीच्या दाराला आतून साखळी सापडली होती.