इंजिन टेम्परेचर मॉनिटरची तुलना: या चुका टाळा

विमानाच्या इंजिनात सिलिंडर हेडचं तापमान (सीएचटी) जुना गेज १९० अंश सेल्सिअस दाखवतो आणि नवा डिजिटल मॉनिटर २०५, मग खरा कोण? हे विचारणाऱ्या बहुतेकांनी काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडलेलंच नसतं. सरळ मॉनिटर बदलायचा विचार सुरू. मॉनिटर बहुधा ठीक असतो. घोळ प्रोबमध्ये (तापमान टिपणाऱ्या सेन्सरमध्ये) किंवा वायरीत असतो.

पहिली चूक म्हणजे दोन वेगळ्या जागांची तुलना. सिलिंडर हेडला प्रोबसाठी आटे असलेलं भोक सहसा एकच असतं. ते कंपनीच्या गेजने आधीच अडवलेलं, म्हणून त्या सिलिंडरला नव्या मॉनिटरचा प्रोब स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसवतात. धातूची जागाच वेगळी, आकडा जुळेल कसा? मी आकडे नंतर लिहितो; आधी कुठल्या सिलिंडरला कुठला प्रोब, ते वहीत उतरवतो.

दुसरी चूक माझं डोकं फिरवणारी: थर्मोकपलला साधी तांब्याची वायर जोडणं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा प्रोब; तो दोन टोकांमधला तापमानाचा फरक मोजतो. एका विमानात तीन नंबरचा सिलिंडर उड्डाणात कायम ४०-५० अंश थंड दिसायचा. मालक खूश, ‘हा सगळ्यात निरोगी!’ सकाळी थंड इंजिनवर चारही आकडे तंतोतंत सारखे, म्हणून मॉनिटरवर शंकाच नाही. प्रोब बदलून पाहिला, फरक तिथेच. मग सिलिंडरच वेगळा, असं ठरवून बॅफल (सिलिंडरकडे थंड हवा वळवणारे पत्रे) वाकवणं सुरू झालं. मी प्रोब जागेवर ठेवून फक्त तीन आणि चार नंबरचे कनेक्टर अदलाबदल केले. आता चार नंबरचा सिलिंडर ‘थंड’, म्हणजे दोष तीन नंबरच्या वायरीत! पुढे इन्सुलेशन सोललं, तर कनेक्टरपासून फायरवॉलपलीकडे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीपलीकडे) मॉनिटरपर्यंत लाल तांबं. काउलिंगखालचा सांधा ८० अंशांवर, मॉनिटरची मागची बाजू ३० वर. मधले ५० अंश मोजलेच जात नव्हते. सगळं थंड असताना हा फरक शून्य, म्हणून सकाळची तपासणी फसवते. ती कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. थर्मोकपलची वायर कमी पडली, तर त्याच टाइपची एक्स्टेन्शन वायर आणा. ‘वायर ती वायर’ म्हणणाऱ्याच्या हाती क्रिंपर (वायरीचे सांधे दाबून बसवणारी पक्कड) देऊ नये.

जे टाइपचा प्रोब आणि मॉनिटरचं सेटिंग के टाइपचं (जे आणि के हे धातूंच्या जोडीनुसार थर्मोकपलचे प्रकार), हेही नेहमीचं. २०० अंशांवर मॉनिटर साधारण ६० अंश जास्त दाखवतो आणि मालक घाबरून इंजिन उतरवायला निघतो. मॅन्युअल वाचायला दहा मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला?

तापवल्यावर आकडा खाली जात असेल, तर वायरी उलट्या जोडल्यात.

ईजीटीच्या (एक्झॉस्ट गॅसच्या तापमानाच्या) मूळ आकड्यावरून भांडू नका. प्रोब एक्झॉस्ट पोर्टपासून थोडा पुढे-मागे बसला तरी आकडा बदलतो. मिक्श्चर लीन करताना (हवेच्या मानाने इंधन कमी करत नेताना) प्रत्येक सिलिंडरचा पीक, म्हणजे सर्वांत जास्त ईजीटी, कुठल्या फ्युएल फ्लोला येतो, ते बघा. शिवाय साध्या के टाइप थर्मोकपलची मान्य चूकच ±२.२ अंश किंवा ०.७५ टक्के, यातली जी मोठी ती. म्हणजे ८०० अंशांवर सहा अंश. तिथे दशांश चिन्हापुढचा आकडा शोभेपुरता.

आणि उकळत्या पाण्यात सीएचटी प्रोब तपासताना उंची धरा. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. प्रोब भांड्याच्या तळाला टेकवला, तर तो पाण्याचं नाही, भांड्याचं तापमान सांगेल.